दोनदा आलेला तोच आकडा

“म्याडम, ह्ये बॉर्डरवर म्हंजी नेमकं कुठं?”

खुर्चीवर टेकायच्या आधीच मुलाच्या आईनं हे विचारलं. हातात साडीच्या दुकानाची जाड पिशवी, पिशवीत प्लास्टिकचं फोल्डर, फोल्डरमध्ये दोन अहवाल. दोन्ही इंग्रजीत, आणि दोन्हींच्या शेवटच्या पानावर एकच शब्द ठळक केलेला: बॉर्डरलाइन. बुद्ध्यांक पहिल्या वेळी ७४, आठ महिन्यांनी ७६. शाळेनं तिला समजावलं होतं की दोनदा तपासलं, दोनदा तेच आलं, आता शंकेला जागा नाही. पाचवीला वार्षिक परीक्षा पुन्हा सुरू झाली आहे, त्याआधी मुलाला ‘त्याला झेपेल अशा’ शाळेत घातलेलं बरं.

मी सिंहगड रस्त्यावरच्या एका केंद्रात मुलांच्या चाचण्या घेते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आणि काय लिहिणार ते आईवडिलांना वाचून दाखवलं आहे. मुलाला इथे पिंट्या म्हणू.

घर

वय ९ वर्षं ४ महिने, इयत्ता चौथी. आईवडील बीड जिल्ह्यातले, पूर्वी ऊसतोडीला जाणारे. पिंट्याची पहिली सहा वर्षं अर्धी गावात आजीजवळ आणि अर्धी फडावरच्या कोपीत गेली. मग वडिलांना नऱ्ह्याजवळ एका बांधकामावर वॉचमनचं काम मिळालं. इमारत उभी राहिली, लोक राहायला आले, तरी हे कुटुंब तिथेच राहिलं, जिन्याखालच्या खोलीत. आई चार घरची धुणीभांडी करते. त्यातल्याच एका घरच्या काकूंनी शिक्षण हक्काच्या २५ टक्के जागांसाठी ऑनलाइन अर्ज भरून दिला आणि लॉटरीत नाव आलं, म्हणून पिंट्या पहिलीपासून इंग्रजी माध्यमात. धाकट्या बहिणीच्या वेळी नाव आलं नाही. ती महापालिकेच्या मराठी शाळेत दुसरीला आहे. या बहिणीकडे मी बरेच दिवस लक्ष दिलं नाही, आणि तिथेच चुकले. ते पुढे येईल.

बाळंतपण सरळ, फिट आलेली नाही, डोक्याला मार नाही, चालणं‑बोलणं वेळेवर. कान आणि डोळे तपासून घेतले, दोन्ही ठीक.

शाळेची तक्रार तीन वाक्यांची होती. वाचत नाही. फळ्यावरचं उतरवून घेताना अर्धं राहतं. काही विचारलं की खाली बघतो. वर्गशिक्षिकेशी मी फोनवर बोलले. बाई मनापासून काळजीत होत्या. वर्गात ४८ मुलं.

पहिले दोन अहवाल

दोन्ही वेळा वापरलेली चाचणी एकच, आणि चांगली: मुलांसाठीच्या वेश्लर चाचणीची चौथी आवृत्ती, भारतीय प्रमाणकांसह, म्हणजे ज्यांच्याशी तुलना करायची त्या मुलांचे गुण भारतातले. सरासरी १००, प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरतात त्याचं माप) १५. परीक्षक प्रशिक्षित. उत्तरपत्रिका मागवून मी सगळ्या बेरजा पुन्हा केल्या, एकही चूक सापडली नाही. हे आधीच सांगते, कारण अशा प्रकरणात ‘कुणीतरी हलगर्जीपणा केला’ म्हटलं की आपण सगळे सुटतो. इथे कुणी हलगर्जीपणा केला नव्हता.

पहिल्या वेळचे चार निर्देशांक असे: शाब्दिक आकलन ६७, आकारांचा तर्क ९०, कार्यकारी स्मृती (ऐकलेलं तेवढ्यापुरतं डोक्यात धरणं) ७७, वेग ८०. सगळ्यात वरच्या आणि सगळ्यात खालच्या आकड्यात २३ अंकांचं अंतर. इतकं अंतर असताना चारही एकत्र करून काढलेला ७४ हा आकडा त्या मुलातल्या कुठल्याच गोष्टीचा नसतो. पण फोल्डर उघडल्यावर दिसतो तोच, आणि शाळेच्या रजिस्टरमध्ये चढतो तोही तोच.

पुण्याला या आकड्याची हौस जुनी आहे. ज्ञान प्रबोधिनी १९६२ साली निघाली, तेव्हापासून इथल्या कित्येक घरांत प्रवेशपरीक्षा आणि बुद्धिमापन हा जेवणाच्या ताटावरचा विषय आहे. आमच्याकडे १३२ आलेल्या मुलाचे वडील ‘अजून तीन‑चार वाढले असते, त्या दिवशी सर्दी होती’ असं सांगतात. पिंट्याच्या आईला त्या दिवशीचं काही सांगायचं असतं हेच माहीत नव्हतं. मी विचारलं तेव्हा कळलं की दोन्ही चाचण्या दुपारी दोनला झाल्या. शाळा सकाळी सात दहाची. दोन्ही वेळा ती त्याला शाळेतूनच परस्पर घेऊन गेली, वाटेत वडापाव घेऊ म्हणेपर्यंत बस आली, आणि मुलगा सकाळच्या चहा‑खारीवर दोन तास बसला. अहवालात याची ओळ नाही. कशी असणार? परीक्षकानं ‘जेवलास का’ विचारलं असेल तर पिंट्यानं मान हलवली असेल. मोठ्या माणसानं विचारलं की तो मान हलवतो.

आता ‘दोनदा तेच आलं’ याबद्दल. एकूण बुद्ध्यांकाची विश्वसनीयता (पुन्हा मोजलं तर निकाल किती जुळतील, जास्तीत जास्त १) ०.९५ धरली, म्हणजे चाचणीच्या बाजूनं भरपूर उदार झालो, तरी मापनाची प्रमाण त्रुटी, म्हणजे एका मोजणीत आकडा साधारण किती इकडेतिकडे होऊ शकतो ते, सुमारे ३.४ निघते. ७४ चा ९५ टक्के पट्टा मग साधारण ६७ ते ८१. पट्ट्याचं खालचं टोक बौद्धिक अक्षमतेच्या ७० च्या रेषेखाली, वरचं टोक जवळजवळ सर्वसाधारणात. हा पट्टा अहवालात छापलेला होता, लहान अक्षरात. ७४ नंतर ७६ येणं या पट्ट्यात सहज बसतं, म्हणून दोन निकाल जुळले हे खरंच आहे.

प्रश्न जुळण्याचा नव्हताच. मंडईत पूर्वी खालून पोकळ केलेली वजनं सापडायची. तसलं पाव किलो दहा वेळा टाकलं तरी दहाही वेळा माल तेवढाच भरायचा. पिंट्याच्या बाबतीत दोन्ही वेळा भाषा इंग्रजी, वेळ दुपारची, पोट रिकामं, समोर अनोळखी साहेबी माणूस. जे जे पहिल्यांदा चुकीचं होतं, ते सगळं दुसऱ्यांदा इमानेइतबारे पुन्हा केलं गेलं. पुस्तिकेत छापलेली विश्वसनीयता ज्या मुलांवर, ज्या भाषेत काढली त्यांची असते. ती चाचणीच्या पेटीबरोबर फुकट येत नाही.

माझ्या खोलीत

पहिल्या दिवशी मी काहीच घेतलं नाही. शनिवारी सकाळी साडेनऊला बोलावलं, शिरा खाऊन आला. मी मूळची लातूरची. पुण्यात आल्यावर पहिल्याच वर्षी ‘जेवायले’चं ‘जेवतेय’ केलं, कुणी सांगायच्या आधीच. त्या दिवशी मी मुद्दाम जुनं बोलले. “काय करायलास रं?” विचारल्यावर त्यानं पहिल्यांदा वर बघितलं.

दोन प्रसंग सविस्तर लिहिते, कारण सगळं प्रकरण त्यांत आहे.

पहिला साम्य सांगायच्या उपचाचणीतला. खरे प्रश्न छापायचे नसतात, म्हणून त्याच जातीचा एक बनवून देते. समजा विचारलं, “कुदळ आणि फावडं, यांच्यात सारखं काय?” पूर्ण गुण ‘दोन्ही अवजारं आहेत’ या उत्तराला. पिंट्याचं उत्तर या धर्तीचं: “कुदळीनं खणायचं, मंग फावड्यानं ओढायचं.” शून्य गुण, कारण त्यानं फरक सांगितला. मी विचारलं, “आणि सारखं काय?” तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, “तुम्हाला ठाव नाही?”

हा उद्धटपणा नव्हता. त्याला खरंच काळजी वाटली. त्याच्या घरात मोठं माणूस विचारतं तेव्हा त्याला उत्तर हवं असतं म्हणून विचारतं: चावी कुठंय, पाणी आलं का, पप्पा किती वाजता येणार. उत्तर स्वतःला माहीत असताना लेकराला विचारून बघायचं, हा खेळ कोथरूडच्या घरात मूल दीड वर्षाचं असल्यापासून चालतो. “नाक कुठंय सोनूचं? आणि हा रंग कुठला?” बुद्धिमापन चाचणी म्हणजे त्याच खेळाचा लांबलेला डाव. ज्याच्या घरी तो कधी खेळलाच गेला नाही, त्याला नियम समजायलाच पहिली वीस मिनिटं लागतात, आणि तेवढ्यात सोपे प्रश्न संपतात.

लायबेरियातल्या केपेले शेतकऱ्यांची गोष्ट मानसशास्त्राच्या प्रत्येक वर्गात सांगतात. वस्तूंचे गट करा म्हटल्यावर त्यांनी सुरी बटाट्यापाशी ठेवली, कारण सुरीनं बटाटा कापतात. शहाणा माणूस असंच लावील, म्हणाले. मूर्ख कसं लावील विचारल्यावर त्यांनी अन्न एकीकडे आणि अवजारं एकीकडे असे आमच्या पुस्तकातले गट झटकन लावून दाखवले. आम्ही हसून पुढच्या धड्याकडे वळलो होतो. कुदळ‑फावड्यानंतर ती गोष्ट मला तितकी विनोदी वाटत नाही.

नियमानुसार चाचणी पूर्ण केल्यावर मी वेगळी नोंद ठेवून पुन्हा सुरुवात केली. याला मर्यादा तपासणं म्हणतात. यातले गुण मोजायचे नसतात. दोन उदाहरणं सोडवून दाखवली: “बघ, मला असं नाव पाहिजे की ज्यात दोन्ही मावतील.” तिसऱ्यापासून त्याला ते जमलं. ‘बैल आणि शेळी’ला तो म्हणाला, “जनावरं.” आणि आपणहून पुढे, “पण शेळीचं दूध निघतंय, बैलाचं नाही.” ते त्याला सांगितल्याशिवाय राहवेना.

दुसरा प्रसंग वेगाच्या चाचणीतला. वर नमुना दिलेला असतो, खाली रिकामे चौकोन, ठरलेल्या वेळात जमतील तितकी चिन्हं भरायची. पेन्सिलीला रबर नसतो, मुद्दामच. पिंट्यानं नववं चिन्ह चुकीचं काढलं, त्याच्या लक्षात आलं, आणि पेन्सिल थांबली. त्यानं पेन्सिल उलटी करून बघितली. टेबलावर बघितलं. टेबलाखाली वाकून बघितलं. मग माझ्याकडे. मी ठरलेलं वाक्य म्हटलं, “राहू दे, पुढचं कर.” त्यानं बोटाला थुंकी लावून चिन्ह पुसायचा प्रयत्न केला, कागद फाटत आला, तेव्हा तो घाबरला. माझ्या घड्याळात २६ सेकंद गेले होते. त्याच्या वहीत खाडाखोडीला गुण कापतात. घरी आईचं वाक्य ‘हळू, सांडशील’. दूध सांडलं तर दुसरं येत नाही. ‘जमेल तितक्या लवकर’ आणि ‘चुकलं तरी चालेल’ हे दोन्ही एकाच दमात सांगणारं मोठं माणूस त्याला आयुष्यात पहिल्यांदाच भेटलं होतं.

शब्दांच्या चाचण्या संस्कृतीनं भरलेल्या असतात हे आता सगळे मान्य करतात. वेगाच्या आणि हाताच्या चाचण्या मात्र मेंदूचं थेट मापन असल्यासारख्या वापरल्या जातात. जागतिक आरोग्य संघटनेनं १९८० च्या दशकात विषारी रसायनांचा मेंदूवरचा परिणाम शोधायला सात चाचण्यांचा संच बांधला. त्यात आकडे लक्षात ठेवणं, चिन्हं जुळवणं, खुंट्या फिरवणं, प्रतिक्रियेचा वेळ अशा गोष्टी होत्या. तो कामगारांसाठी होता. मुलांसाठी तसे संच नंतर आले, शिशाच्या आणि कीटकनाशकांच्या अभ्यासात ते वापरतात. कल्पना अशी की बटण दाबायला भाषा लागत नाही. बटण दाबायला लागत नसेल, पण घाई करणं ही चांगली गोष्ट आहे हे आधी कुणीतरी शिकवलेलं असावं लागतं.

प्रमाणकांची पंचाईत

मग मी कुठली चाचणी वापरली? वेश्लरच तिसऱ्यांदा घेण्यात अर्थ नव्हता, सरावानं गुण वाढले असते आणि मला हवं तेच दिसलं असतं. मराठीत पर्याय नवे नाहीत. व्ही. व्ही. कामतांनी १९३० च्या दशकात बिने चाचणी कानडी आणि मराठी मुलांसाठी बसवली. नागपूरला आर्थर मालिन यांनी वेश्लरच्या १९४९ च्या चाचणीवरून भारतीय मुलांसाठीची आवृत्ती १९६९ मध्ये काढली. तिला आम्ही मिसिक म्हणतो, आणि ती मराठीत घेता येते. मी मिसिक घेतली. शाब्दिक ८९, कृती १०१, एकूण ९५.

आई खूश झाली असती. मी तिला लगेच सांगितलं नाही, कारण या ९५ वर माझाही विश्वास नव्हता. प्रमाणकं १९६९ ची. जेम्स फ्लिन यांनी १९८४ मध्ये दाखवलं की अमेरिकेत पिढीगणिक गुण वाढत जातात, दशकाला साधारण ३ अंक. इथला वेग नेमका तोच धरता येणार नाही, पण दिशा तीच असेल तर अर्ध्या शतकापूर्वीच्या मुलांशी तुलना केल्यावर आजचं मूल फुकटात हुशार दिसतं. ७४ मध्ये मुलाच्या विरुद्ध झुकलेला काटा होता, ९५ मध्ये त्याच्या बाजूनं झुकलेला. दुसरा मला आवडला म्हणून तो खरा ठरत नाही.

रेव्हनच्या रंगीत आकृत्याही घेतल्या, ३६ आकृत्या, भाषा नाही. त्यात तो आपल्या वयाच्या मधल्या घोळक्यात, किंचित खाली. या चाचणीला अनेक जण संस्कृतिमुक्त म्हणतात. गंमत अशी की पिढीगणिक सर्वांत जास्त वाढ नेमकी याच प्रकारच्या चाचणीत दिसली आहे. संस्कृतीशी जिचा संबंधच नाही, तिच्यावर काळ इतका कसा चढतो?

रोजच्या व्यवहाराची मोजपट्टी, व्हाइनलँडची नागपूर आवृत्ती, आईला विचारून भरली. पिंट्या एकटा पीएमपीच्या बसनं स्वारगेटला आत्याकडे जातो, सुटे पैसे मोजून आणतो, बहिणीला शाळेत सोडतो, पाण्याची मोटर वेळेवर चालू‑बंद करतो. वयाच्या पुढेच. ही पट्टीसुद्धा तटस्थ नाही. याच पट्टीवर बंगल्यातली कितीतरी मुलं मागे पडतात, पण त्यांना कुणी ‘झेपेल अशी’ शाळा सुचवत नाही.

सगळं शेजारी ठेवलं: पहिल्याच अहवालातला आकारांचा ९०, रेव्हन, व्यवहार, आणि हातचं राखून वाचलेला ९५. बौद्धिक अक्षमता नाही, हे मी निःशंकपणे लिहू शकत होते. मसुदा तयार केला. निष्कर्ष: अडचण भाषेची आणि परिस्थितीची, मूल सर्वसाधारण.

बहीण

मसुदा वाचून माझ्या ज्येष्ठ सहकारी बाईंनी एकच प्रश्न विचारला. “बहीण कशी वाचते गं?”

मी विचारलंच नव्हतं.

इथे थोडं मागे जायला हवं. मराठी वाचनाचा एक उतारा मी घेतला होता, तिसरीच्या पातळीचा, १२० शब्दांचा. पिंट्याच्या ४३ चुका झाल्या होत्या. त्या मोजताना माझं नि दुसऱ्या एका सहकारिणीचं जमेना. ती ध्वनिफीत ऐकून स्वतंत्रपणे गुण देत होती, म्हणजे परीक्षकांमधली विश्वसनीयता तपासत होतो. ती सदाशिव पेठेत वाढलेली. तिच्या लेखी ‘पाणी’चं ‘पानी’ ही चूक, ‘शाळा’चं ‘साळा’ ही चूक, ‘वेळ’चं ‘येळ’ आणि ‘प्रवास’चं ‘परवास’ही. माझ्या लेखी तो वाचतोय बरोबर, फक्त आपल्या जिभेनं उच्चारतोय. ‘पाणी’ हा शब्द डोळ्यांनी ओळखला नसता तर तोंडातून ‘पानी’ तरी कसं आलं असतं? अशा बोलीच्या १७ निघाल्या. त्या वगळल्या. उरल्या २६. मी १७ च्या आनंदात होते आणि २६ कडे नीट बघितलंच नाही.

बाईंच्या प्रश्नानंतर बहिणीला बोलावलं. तेच घर, तीच बोली, तीच आजी, तीच जिन्याखालची खोली, दोन वर्षांनी लहान. तोच उतारा. बोलीच्या चुका वगळून ९.

मग २६ वर परत आले. ‘बदक’ला ‘बकद’. ‘घर’ला ‘धर’, ‘भर’ला ‘मर’. मात्रा गिळलेल्या, जोडाक्षर आलं की पुढचा अख्खा शब्द अंदाजानं. या चुकांचा बीडशी काही संबंध नाही. भाषेच्या बाजूनं अजून एक आडोसा उरला होता: तो इंग्रजी शाळेत, मराठी वाचन त्याला बहिणीइतकं शिकवलंच गेलं नसेल. म्हणून न वाचता करायच्या गोष्टी घेतल्या. “कमळ म्हण. आता त्यातला ‘म’ काढून टाक. काय राहिलं?” “कम.” पुन्हा सांगितलं, बोटांवर दाखवलं, क‑म‑ळ, मधलं बोट मिटलं. “कम.” बहीण दाराशी उभी होती. तिनं तिथूनच ‘कळ’ म्हटलं आणि आईनं तिला बाहेर नेलं.

आकडे लक्षात ठेवण्याची चाचणीही पुन्हा तपासली. इंग्रजीत घेतली तेव्हा त्याचे ओठ हलताना दिसत होते: पाच, दोन, नऊ. ऐकायचं इंग्रजीत, धरायचं मराठीत, परत द्यायचं इंग्रजीत. आकडे उच्चारायला भाषेला किती वेळ लागतो यावरही किती आकडे लक्षात राहतात हे ठरतं. १९८० मध्ये एलिस आणि हेनेली यांनी वेल्श आणि इंग्रजी बोलणाऱ्यांमधला फरक असाच उलगडला होता. तेव्हा ७७ चा दोष इंग्रजीवर टाकायला मी एका पायावर तयार होते. पण मिसिकमध्ये आकडे मराठीतच होते, आणि तिथेही त्याची सगळ्यात कमकुवत उपचाचणी हीच निघाली. राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं २०१५ मध्ये भारतीय भाषांसाठी डिस्लेक्सियाच्या चाचण्या आणल्या, डाली नावाच्या, त्यात मराठी आहे. डालीवरही तेच चित्र.

म्हणजे संस्कृतीचा पडदा बाजूला केल्यावर मागे काहीच नसेल असं मी धरून चालले होते. मागे अध्ययन अक्षमता उभी होती, म्हणजे बुद्धी ठीक असूनही वाचणं‑लिहिणं न जमणं. पहिल्या परीक्षकाला मुलगा मंद दिसला, मला तो फक्त वंचित दिसला, आणि दोघांच्याही दिसण्यात त्याचा ‘कम’ ऐकू आला नाही. माझी चूक जास्त चांगल्या मनानं झालेली होती, एवढाच फरक.

घाई नको म्हणून बारा आठवडे थांबलो. आठवड्यातून तीन दिवस, चाळीस मिनिटं, एक शिक्षिका त्याच्याबरोबर मराठी अक्षरांवर बसली. वाळूत अक्षरं, टाळ्यांवर शब्द फोडणं, नेहमीचंच. शिकवणीचाच अभाव असता तर या मुलानं एव्हाना झेप घेतली असती. त्याच पातळीच्या उताऱ्यात २६ च्या १९ झाल्या.

अहवाल

केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तेव्हा अध्ययन अक्षमतेची चाचणी आठ वर्षांपुढच्या मुलाची होत असे, आणि बुद्ध्यांक ८५ च्या वर असेल तरच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, पण सीमारेषेवरची बुद्धी त्यांत नाही. म्हणजे ७४ हा आकडा घेऊन पिंट्या दोन्ही दारांच्या मधल्या ओट्यावर बसला असता. अक्षमतेच्या दारात जाण्याइतका कमी नाही, आणि वाचनाच्या दाराची कडी वाजवण्याइतका जास्त नाही. आई विचारत होती ते ‘बॉर्डर’चं ठिकाण हेच.

त्या सूचनांमध्ये मान्य असलेल्या चाचण्यांत मिसिक होती. माझा ९५ कागदोपत्री चालणार होता. जुन्या प्रमाणकांमुळे फुगलेला असू शकतो हे माहीत असताना तो लिहायचा का, यावर आम्ही दोघी एक संध्याकाळ बसलो. शेवटी आकडा लिहिला, त्याखाली प्रमाणकांचं वर्ष लिहिलं, पट्टा लिहिला, आणि पुढच्याच ओळीत पहिल्या अहवालातला नव्या प्रमाणकांवरचा ९० ठेवला. कुठल्या भाषेत, किती वाजता, खाऊन की उपाशी, कुठल्या उत्तरांवर दोन परीक्षकांचं जुळलं नाही, हे सगळं पहिल्या पानावर घेतलं. सहकारी म्हणाली, इतकं कुणी वाचत नाही. खरं असेल. अहवाल मराठीत लिहिला आणि मग इंग्रजीत केला. एरवी उलट करतो.

शाळेनं प्रश्न वाचून दाखवायचं आणि जादा वेळ द्यायचं मान्य केलं आहे. वर्गशिक्षिका रबर लावलेली पेन्सिल देतात. मुख्याध्यापकांना अजून वाटतं की मी दयेपोटी आकडा वाढवून दिला. अध्ययन अक्षमतेच्या प्रमाणपत्रासाठी सरकारी रुग्णालयात तपासण्या चालू आहेत. दोन खेपा झाल्या, तिसरी पुढच्या महिन्यात.

दुसऱ्या खेपेला आई फोल्डर घेऊन माझ्याकडे आली होती. माझा अहवाल वर ठेवावा आणि जुने दोन काढून टाकावेत असा तिचा विचार होता. खिडकीवरच्या माणसानं सांगितलं होतं की आधीचे सगळे कागद लागतात, तारखेप्रमाणे लावून आणा. तारखेप्रमाणे लावले की ७४ सगळ्यात वर येतो. तिनं तसे लावले, पिन मारली, आणि माझ्या टेबलावरची पेन्सिल घेऊन वरच्या कागदाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं: ‘ह्या दिवशी जेवला नव्हता’.